हेडची कड

विभागप्रमुख वसंतराव घारपुरे यांना यंत्रशास्त्र येत होते, असे म्हणणे यंत्रशास्त्रावर अन्याय करणारे ठरेल. त्यांच्याकडे यंत्रशास्त्राची पदवी होती. १९९६ साली सुरतेतल्या त्या खाजगी तंत्रनिकेतनात विभागप्रमुख व्हायला तेवढे भांडवल पुरे होते. आणि अंधश्रद्धेविरुद्ध वर्षाकाठी दोन लेख पाडण्याची सवय असली, तर विचारवंत व्हायलाही.

त्या वर्षी त्यांच्या मनाने घेतले, की विभागातल्या जुन्या मोटारीच्या इंजिनाची ताकद वाढवायची आणि दसऱ्याच्या सकाळी संस्थेच्या शेठांसमोर ते सुरू करून दाखवायचे. इंजिनाचा ब्लॉक उधन्याच्या एका वर्कशॉपात गेला आणि अष्टमीच्या संध्याकाळी तीन मिलिमीटर मोठे बोअर, म्हणजे पिस्टनची भोके, घेऊन परत आला. काम चोख होते. त्यावर झाकणासारख्या बसणाऱ्या हेडविषयी मात्र सरांच्या टिपणात एकच ओळ होती: 'रंधून सपाट करून तेच बसवावे.'

इंजिन योग्य असल्याच्या अहवालावर सरांच्या आधी सही करायची होती अपर्णा वझे हिने. ती दोन वर्षे तात्पुरती अधिव्याख्याता होती. तिला कायम करण्याचे पत्र टाइप होऊन सरांच्या टेबलावर पडले होते, आणि आधी अहवालावर सही, मग पत्रावर, हा क्रम सरांनी तिला हसत हसत सांगून ठेवला होता. हसण्यासारखे त्यात काही आहे असे तिला वाटले नव्हते.

नवमीच्या सकाळी विभागाचा फिटर वाल्मिक याने तिला हाक मारली. अमळनेरकडचा हा माणूस पंचवीस वर्षे सुरतेत राहूनही घाईत असला की अहिराणीतच बोलायचा.

"ताई, हाई देखा. भोक वाढनं, पन झाकन तेच शे."

त्याने हेडच्या तळावर निळा रंग फासला होता, हेड आणि ब्लॉक यांच्यामध्ये बसणारे नवे गॅस्केट बोल्टांच्या भोकांत नीट बसवून त्याच्या आतल्या काठाने सुईने रेघ ओढली होती. पेट्रोल जिथे पेटते त्या चारही कक्षांभोवती रेघेच्या आत दीड मिलिमीटरची कड उरत होती. जुन्या बोअरला बेतलेला कक्ष नव्या बोअरवर पुढे आलेल्या छपरासारखा लोंबणार होता.

"ही कड तापून लाल होईल," वाल्मिक म्हणाला. "ठिणगी पडायच्या आधीच पेट्रोल पेट घेईल. मग पिस्टनला भोक. शेठसमोरच."

अपर्णाने हिशेब मांडला. बोअर वाढले, हेड रंधून कक्ष उथळ झाला. दाब इतका चढत होता, की पंपावर मिळणारे पेट्रोल तो सोसणार नव्हते. ती कागद घेऊन सरांकडे गेली.

"दाब वाढला म्हणजे ताकद वाढली, अपर्णाताई," सर म्हणाले. "हे पहिल्या वर्षाला शिकवतात."

"कुठवर वाढवायचा, ते दुसऱ्या वर्षाला शिकवतात, सर."

"तुमचा हा वाल्मिक किती शिकलाय?"

"सातवी. म्हणून तर त्याने हेड उलटं करून पाहिलं."

सरांनी घड्याळ पाहिले. खंडेनवमीच्या पूजेची वेळ झाली होती. शेठ भाविक असल्याचे कळल्यापासून सरांच्या विवेकवादात पूजेला सांस्कृतिक परंपरा म्हणून जागा झाली होती. कार्यशाळेतली सगळी हत्यारे लाल कापडावर मांडली गेली, ग्राइंडरलाही कुंकू लागले. "उद्या सकाळपर्यंत कोणीही काही उचलायचं नाही," असे बजावून, आरतीनंतर अंधश्रद्धेचा वैरी पुरणपोळीच्या जेवणाला निघून गेला.

कार्यशाळेत दोघेच उरले.

"हे आजच व्हायला हवं," अपर्णा म्हणाली.

वाल्मिकने हात पाठीमागे घेतले. "नवमीला मी हत्यार धरत नाही, ताई. बापानंही धरलं नाही. वाईट वाटून घेऊ नका."

तिला वाईट वाटले नाही. हा माणूस जे पाळत होता ते मनापासून पाळत होता, आणि त्याची किंमत स्वतः मोजत होता. तिने ग्राइंडर उचलला, कुंकू पदराने पुसले.

"मी धरलं तर?"

"तुम्ही धरलं तर मी काय करणार? तुम्ही मॅडम. तोंडाला काही नवमी नसते. मी सांगतो, तुम्ही करा. आधी जुने व्हॉल्व्ह बसवा, नाहीतर त्यांची बसायची सीट खरवडाल."

साडेबाराला तिने सुरुवात केली. "रेघेवर जाऊ नका. रेघेच्या आत थांबा. दाबू नका हो, लाटणं नाही ते! आता उतार द्या, खालून वर." दोनदा ग्राइंडर निसटला, दोनदा वाल्मिकचे हात पाठीमागे एकमेकांत घट्ट झाले, पण सुटले नाहीत. कड गेली. मग कक्षांचे आकारमान मोजायला तिने प्रत्येकावर भोक पाडलेली ऍक्रिलिक पट्टी ठेवून ब्युरेटने रॉकेल सोडले. तिसऱ्या कक्षात दीड घनसेंटिमीटर कमी भरले. तो पुन्हा घासला. चारही सारखे झाले आणि दाब तिच्या हिशेबात बसला तेव्हा साडेपाच वाजले होते. बोल्ट आवळायचे तेही वाल्मिकच्या सांगण्यावरून तिनेच आवळले.

दसऱ्याला इंजिन दुसऱ्या झटक्यात सुरू झाले आणि ठोका न देता चालत राहिले. शेठ खूश झाले. सरांनी आपल्या दूरदृष्टीविषयी वीस मिनिटे भाषण केले. त्यात हेडचा उल्लेख नव्हता.

दुपारी त्यांनी अहवाल मागवला आणि तिसऱ्या परिच्छेदावर थबकले. तिथे लिहिले होते: 'विभागप्रमुखांच्या टिपणात नसलेले काम: नवमीस दुपारी साडेबारा ते साडेपाच, पूजेत मांडलेला ग्राइंडर उचलून चारही कक्ष नव्या बोअरशी जुळवले. आखणी व मार्गदर्शन: वाल्मिक पाटील. हात: अपर्णा वझे.'

"हे शेठ वाचणार आहेत," सर म्हणाले. "मी पूजा मांडली आणि माझ्याच विभागात... हा परिच्छेद काढा."

"यात खोटं काय आहे, सर?"

"खऱ्याखोट्याचा प्रश्न नाही. याखाली मी सही कशी करू?"

"नका करू."

सरांनी तिला कायम करण्याचे पत्र उचलले, तिला दिसेल अशा बेताने ड्रॉवरमध्ये टाकले आणि किल्ली फिरवली. अपर्णाने ते पाहिले. एवढ्या मोठ्या ड्रॉवरमध्ये या माणसाकडे ठेवायला दुसरे काहीच नसावे, असे तिला वाटले.

ती अहवाल घेऊन खाली आली. वाल्मिकने एकेक अक्षर लावत सही केली, तिने आपली केली, आणि ती तडक शेठांच्या कार्यालयात आवक खिडकीशी गेली.

कारकुनाने शेवटचे पान उलटून पाहिले. "बेन, साहेबांची सही राहिली."

"राहिली नाही," ती म्हणाली. "त्यांचा या कामाशी संबंध नाही."