पहिला इंच

दुकानात आलेल्या कपड्यांचे खिसे तपासायचं काम थोरलीचं. एकोणीस वर्षांत तिनं त्या खिशांतून काय काय काढलं असेल त्याला गणती नाही. किल्ल्या, अंगठ्या, दाताची कवळी, पेटीत टाकायची राहिलेली पत्रं, आणि एकदा तर एका गंभीर वकिलाच्या कोटातून लहान मुलाची शिट्टी. जे सापडेल ते काउंटरवरच्या पत्र्याच्या डब्यात ठेवायचं, चिठ्ठीवर मालकाचं नाव लिहून. बाबांचा नियमच होता, सापडलेली वस्तू दिवे लागायच्या आत डब्यात. थोरलीनं तो कधी मोडला नव्हता. वकिलाला शिट्टी परत करताना तिनं चेहरा इतका सरळ ठेवला होता की बिचारा वकीलच लाजला. थोरलीच्या भरवशावर घर उघडं टाकून जावं, असं गिऱ्हाइकं म्हणत. थोरली मनात म्हणे, हो, घर माझ्या भरवशावर टाका आणि कोट धाकटीकडे शिवायला द्या.

कारण कोट सगळे धाकटीकडेच येत. दार उघडलं की पहिला प्रश्न, "धाकट्या बाई आहेत ना?" मापं घेणं आणि कापणं धाकटीचं, मशीन बाबांचं, आणि काजं, बटणं, तुरपाई थोरलीची. थोरलीनं दोनतीनदा विषय काढून पाहिला होता. "बाबा, मलाही एकदा कापू द्या की." बाबा दोऱ्याचं टोक ओठात धरून म्हणत, "तुझ्यासारखी तुरपाई कुणाला येते का? मग?" कौतुकानं तोंड बंद करायची ती रीत थोरलीच्या पक्की ओळखीची झाली होती.

कानामागून आली आणि तिखट झाली, असं धाकटीच्या बाबतीत थोरली म्हणायची, अर्थात मनातच. चार वर्षांनी लहान, पण बाबांनी आपला टेप दिला तो हिला. थोरली सतरा वर्षांची होती. टेप आपल्यालाच मिळणार हे तिनं इतकं गृहीत धरलं होतं की ती त्या दिवशी हात पुसून पुढे आली होती. बाबांनी तो धाकटीच्या गळ्यात घातला. दुसऱ्याच दिवशी टेपचा पहिला इंच, पितळी पट्टीसकट, गायब झाला. उंदरानं कुरतडला असेल असं घरात ठरलं, आणि थोरलीनंही मान डोलावली. उंदीर इतका सरळ रेषेत कुरतडत नाही, हे कुणी बोललं नाही. तो इंच थोरलीच्या सुयांच्या डबीत, मखमलीच्या तुकड्याखाली जाऊन बसला.

धाकटी रडेल, नवा टेप मागेल, असं थोरलीला वाटलं होतं. तिनं काहीच केलं नाही. तोच टेप गळ्यात घालून ती कामाला लागली ती आजपर्यंत. टेप पिवळा पडला, तरी तोच. ती कापायला उभी राहिली की थोरलीला बघवत नसे, म्हणून तिनं आपलं स्टूल खिडकीकडे वळवून घेतलं. उजेड बरा येतो, असं कारण सांगितलं. एकोणीस वर्षं ती कापायच्या टेबलाकडे पाठ करून बसली.

यंदा बाबांचा हात थरथरायला लागला. सुईत दोरा ओवायलाही त्यांना दोघींपैकी कुणाची तरी गरज पडे. मशीन सोडून द्यायचं त्यांनी ठरवलं. मशीनवर एक कारागीर ठेवायचा, आणि टेबल, मोठी कात्री आणि दुकानाचा कारभार एकीच्या हातात द्यायचा. "हॉटेलची ऑर्डर होऊ दे, मग सांगतो," ते म्हणाले. सांगायचं काय राहिलं होतं? हातच्या कांकणाला आरसा कशाला. पण ते सांगत नव्हते तोवर थोरलीला आशा होती, आणि आशेसारखं छळणारं दुसरं काही नाही.

हॉटेलची ऑर्डर म्हणजे नऊ वाढप्यांचे नऊ कोट. हॉटेल दुरुस्तीसाठी बारा दिवस बंद राहणार होतं. बंद व्हायच्या आदल्या दिवशी दोघी बहिणी तिथे गेल्या. धाकटीनं एका टोकाला नऊ जणांची मापं घेतली, आणि थोरलीनं दुसऱ्या टोकाला मॅनेजरीणबाईंना बटणांचे नमुने दाखवले. दुसऱ्या दिवशी नऊच्या नऊ माणसं आपापल्या गावी गेली. आणि तिसऱ्या दिवशी धाकटीची मापांची वही हरवली.

धाकटीनं सगळं दुकान उलटंपालटं केलं. कापडाचे ठाण हलवले, मशीनखाली वाकून पाहिलं, कचऱ्याची टोपली जमिनीवर ओतली. शेवटी ती टेबलाला टेकून उभी राहिली, तोंड पांढरंफटक. ते बघून थोरलीला बरं वाटलं. खोटं कशाला बोला, बरंच वाटलं. मग ती बटणं आणायला म्हणून बाहेर पडली.

वही बटणवाल्याच्या दुकानात होती, काउंटरच्या टोकाला, खोक्यांच्या मागे उभी सरकलेली. आदल्या दिवशी धाकटी अस्तर बघायला तिथे आली असणार. बटणवाला शिडीवर चढून पाठमोरा होता. थोरलीनं वही उचलली आणि पिशवीत टाकली. तेव्हा तिच्या मनात ती परत द्यायचीच होती. हे तिच्या बाजूनं सांगायला हवं. रस्ताभर तिनं ठरवूनही टाकलं की वही टेबलावर जरा आपटायची आणि म्हणायचं, "घे, आणि पुढच्या वेळी गळ्यात बांधून फीर."

दुकानाच्या काचेतून तिला आत दिसलं. धाकटी स्टुलावर बसली होती, थोरलीच्याच स्टुलावर, आणि बाबा आपला थरथरता हात तिच्या डोक्यावर ठेवून म्हणत होते, "वही हरवली ना? हात तर नाही ना हरवला? काढू काहीतरी मार्ग."

पाच वर्षांपूर्वी थोरलीनं इस्त्रीनं एक बाही जाळली होती. बाबा तिच्याशी आठ दिवस बोलले नव्हते.

तिनं दार ढकललं, पिशवी खुंटीला अडकवली आणि स्वतःला बोलताना ऐकलं, "मापांवाचून काही अडत नाही. मी त्या नऊ जणांना पाहिलंय. नजरेनं कापते."

बाबांनी मान वर केली. नजरेनं कापणं ही त्यांची दुखरी आणि लाडकी गोष्ट. त्यांच्या गुरूला ते येत होतं, त्यांना स्वतःला कधी जमलं नाही. "नजरेनं?" ते म्हणाले.

"एकोणीस वर्षं गिऱ्हाइकांच्या अंगावरचे कोट बघतेय. तेवढंही कळणार नाही?"

धाकटी म्हणाली, "ताई, जमेल?" तिच्या आवाजात शंका असती तर थोरलीला सोपं गेलं असतं. पण होती नुसती आशा.

त्या संध्याकाळी दिवे लागले. पत्र्याचा डबा रिकामाच होता.

पुढचे नऊ दिवस थोरली टेबलापाशी उभी राहिली. सकाळी खोलीचं दार लावून वहीतला एक माणूस पाठ करायचा आणि खाली येऊन कापडावर खडू चालवायचा. मध्येच डोळे मिटून, "तो उंच, जरा वाकून चालणारा," असं पुटपुटायचं. छाती अमुक, खांदा तमुक, बाही इतकी. आकडे वहीतले, टेप तिचा स्वतःचा, नवाकोरा. बाबा मशीन थांबवून बघत बसत. एकदा ते म्हणाले, "माझे गुरू असेच डोळे मिटायचे." थोरलीला त्या एका वाक्यावर आठवडाभर जेवण नसतं तरी चाललं असतं. तिसऱ्या दिवशी त्यांनी मोठी कात्री तिच्या बाजूला ठेवली आणि ती तिथेच राहिली.

आणि धाकटी खिडकीकडे तोंड करून काजं करत होती. कुरकुर नाही, टोमणा नाही. थोरलीनं एक काज उजेडात धरून पाहिलं. टाके दाट, सारखे, कुठे बोट ठेवायला जागा नाही. म्हणजे हेही हिला येतं. थोरलीचं ते जुनं दुखणं पुन्हा वर आलं. टेबल मिळालं, कात्री मिळाली, तरी ते जागचं हललं नव्हतं.

शनिवारी दुपारी हॉटेलच्या मोठ्या खोलीत नऊ जण ओळीनं उभे राहिले आणि त्यांनी कोट चढवले. मॅनेजरीणबाई जरा मागे सरल्या. त्यांनी डोकं एका बाजूला कलतं केलं, मग दुसऱ्या.

पहिल्या माणसाचा खांदा उतरला होता. बाही पंजावर आली होती. दुसऱ्याचंही तसंच. वाकून चालणाऱ्या उंच माणसाचं तसंच, आणि सगळ्यांत बुटक्या, गोल माणसाचंही अगदी तसंच. नऊ माणसं मोठ्या भावाचे कोट घालून आल्यासारखी दिसत होती. शेवटच्यानं हात वर करून बाहीतून बोटं बाहेर काढली आणि बाकीचे हसले.

बाबा हसले नाहीत. ते पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत चालत गेले, प्रत्येकाची बाही चिमटीत धरून. मग म्हणाले, "धाकटे, टेप लाव."

धाकटीनं गळ्यातला पिवळा टेप काढला. थोरली दोन पावलांवर उभी होती. तोंड फिरवायला आता खिडकी नव्हती, म्हणून ती बघत राहिली. धाकटीनं टेपचं तुटकं टोक, जिथे एकचा आकडा होता, ते बुटक्या माणसाच्या मनगटाच्या हाडावर ठेवलं. तिथून बाहीच्या काठापर्यंत टेप ताणला. काठावर दोनाचा आकडा आला.

"एक इंच," धाकटी म्हणाली.

थोरलीनं तो दोनाचा आकडा पुन्हा वाचला. एकोणीस वर्षं हा टेप एकपासून सुरू होत होता. धाकटी दिसेल तो आकडा वहीत उतरवायची आणि त्याच टेपनं, त्याच टोकापासून कापायची. लिहिताना एक इंच जास्त, कापताना एक इंच कमी. कपडा नेमका अंगावर बसायचा आणि कुणाला कधी काही कळायचं कारणच नव्हतं. वहीतला प्रत्येक आकडा एका इंचानं मोठा होता. आणि तो इंच थोरलीच्या सुयांच्या डबीत होता.

धाकटीनं दुसऱ्या माणसाला टेप लावला. "एक इंच." तिसऱ्याचा खांदा. "एक." चौथ्यापाशी ती थांबली. तिनं टेपच्या तुटक्या टोकाकडे पाहिलं, मग थोरलीकडे. तेवढ्यात तिला सगळं कळलं, आणि तिला कळलं हे थोरलीला कळलं.

बाबा सावकाश म्हणाले, "नजर चुकते. पण नजर कुठे कमी चुकते, कुठे जास्त. नऊ माणसांना सगळीकडे सारखीच चुकत नाही." ते थोरलीकडे बघत नव्हते. "धाकटे, काय झालं असेल?"

थोरली वाट बघत राहिली. आता ती सांगेल. सांगू दे. मग निदान धाकटीचाही कडूपणा एकदा दिसेल.

"काय व्हायचंय?" धाकटी टेप गुंडाळत म्हणाली. "ताईनं शिवणीत माया भरपूर सोडलीय, तंग झाले असते तर बसलो असतो रडत. सैल आहेत, आत घेता येतील. उद्या संध्याकाळपर्यंत देतो बाई, बसल्या जागी तुरपाई करायला माझी ताई आहे."

मॅनेजरीणबाई निश्चिंत झाल्या. थोरलीला मात्र कुणी चारचौघांत थोबाडीत मारली असती तर बरं वाटलं असतं. चांगुलपणातही ही पुढे. तेवढा एक खिसेतपासणीचा मान होता, तोही गेला.

दुकानात परतल्यावर बाबांनी हात पुढे केला. थोरलीनं पिशवीतून मोठी कात्री काढून दिली. त्यांनी ती थरथरत्या हातानं धाकटीच्या बाजूला ठेवली आणि ते जिना चढून वर गेले. हॉटेलची ऑर्डर पुरी व्हायला अजून एक दिवस होता. सांगायचं ते त्यांनी सांगून टाकलं होतं.

थोरली स्टुलावर बसून एकेक बाही उसवत राहिली. उजेड उतरायला लागला तशी ती उठली, वर जाऊन वही घेऊन आली आणि ती पत्र्याच्या डब्यात ठेवली. मग सुयांची डबी उघडली. मखमलीचा तुकडा उचलला. पितळी पट्टीचा तो इंच तिनं वहीवर ठेवला. चिठ्ठी लिहायची गरज नव्हती.

धाकटी टेबलापाशी उभी राहून सगळं बघत होती. ती डब्यापाशी आली, वही उचलून घेतली.

"कुठे होती?"

"बटणवाल्याकडे."

"आणि हा?"

धाकटीनं तो इंच तळहातावर घेतला, उलटा करून पाहिला. पितळ अजून चकचकीत होतं.

"कुणी कापला ते मला तेव्हाच माहीत होतं," ती म्हणाली. "सकाळी माझ्या उशाशी, टेपजवळ, तुझीच कात्री होती. मला वाटलं, ताई एक दिवस देईल परत. मी दुसरा टेप घेतला नाही तो म्हणूनच."

"मग घे. लाव आता."

धाकटीनं मान हलवली. त्यात राग नव्हता, आणि थोरलीला त्याचाही हेवा वाटला.

"आता नाही जमायचं, ताई," ती म्हणाली. "हा लावला तर माझी आजवरची सगळी मापं चुकतील."

तिनं तो इंच परत डब्यात ठेवला आणि दिवा लावला.