नाबेउराचा बहिरा देव

"पोर फार शहाणी आहे गं तुझी. जरा जास्तच शहाणी," गावातली तोमे आजी चिनात्सुला म्हणाली होती. नागिसा तेव्हा आठ महिन्यांची होती, आणि धक्क्यावर बर्फाच्या गाडीचा भोंगा नुकताच वाजून गेला होता. मांजरं पळाली, बगळे उडाले, जाळी सांधणाऱ्या बायकांनी ड्रायव्हरला दोन शिव्या हासडल्या. टोपलीशेजारी दुपट्यावर पडलेली नागिसा मात्र पायाचा अंगठा तोंडात घालण्यात दंग होती. "एकदा कान दाखवून आण तिचे."

चिनात्सुने हसून तिकडे दुर्लक्ष केलं. कागोशिमाच्या कॉलेजात आहारशास्त्र शिकून ती या गावात सून म्हणून आलेली. प्रत्येक गोष्टीची फाईल ठेवायची सवय होती तिला, आणि त्या फाईलीत जन्मानंतर तिसऱ्या दिवशी झालेल्या कानांच्या तपासणीचा कागद होता, सही-शिक्क्यासकट.

"आजी, तपासणी झाली आहे. कागद आहे माझ्याकडे."

"कागद आहे होय. मग झालंच तर," आजी म्हणाली आणि पुन्हा तारल्या निवडायला लागली.

कागद खोटा नव्हता. त्या दिवशी नागिसाला ऐकू येतच होतं. पुढे हळूहळू ते कमी होत गेलं, आणि ती अडीच वर्षांची झाल्यावर शहरातल्या डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा दोन्ही कान जवळजवळ गेलेले होते. मधली पावणेदोन वर्षं चिनात्सु स्वतःच्या खात्यावर मांडत बसली. तेव्हापासून तिची नजर मुलीवरून हलेना. घास किती वेळ चावला, पाऊल कसं टाकलं, कोण हसलं, कोण का हसलं. ऐकण्याचं यंत्र कानाला लागलं तसं तिने मुलीचे केस वाढवले आणि वरून टोपी घातली. तिच्याशिवाय घरात फक्त नवऱ्याला, शुगोला, माहीत होतं.

"सांगून टाक ना गावाला," शुगो म्हणायचा. "खून केलाय का आपण कोणाचा?"

"सांगते. सण होऊ दे."

सण म्हणजे वीस ऑक्टोबरचा, एबिसूचा. नाबेउरात बासष्ट घरं, सतरा होड्या आणि देव एकच. जन्मला तेव्हा त्याला धड उभं राहता येत नव्हतं. तिसरं वर्ष लागलं तरी पाय टेकेना, म्हणून आईबापांनी, तेही देवच, त्याला बोरूच्या होडीत घालून समुद्रात सोडून दिलं. समुद्राने तो कोळ्यांच्या दारात आणून टाकला आणि कोळ्यांनी उचलून घरात घेतला. आईबापांनी टाकलेला आणि आम्ही सांभाळलेला, हे सांगताना नाबेउरातल्या माणसाची मान आपोआप ताठ होते. आणि हा देव कानाने अधू आहे. पुढून नमस्कार करायचा तो रीत म्हणून. काम असलं की देवळामागे जायचं, फळी ठोकायची आणि मग बोलायचं. ठोकून ठोकून फळीला मधोमध वाटीएवढा खड्डा पडला आहे. सणाच्याच महिन्यात देशभरातले देव इझुमोला सभेला जातात. याला बोलावणं ऐकू आलं नाही, म्हणून हा घरीच. बाकीची गावं महिनाभर देवाविना, नाबेउराचा देव जागेवर.

किहाची काका गावचा सर्वांत जुना नाखवा, वय एक्याऐंशी. तो एकदा निशिनोमियाला एबिसूच्या मोठ्या देवळात जाऊन आला होता. "मोठं आहे हो," तो सांगायचा, "खांबाला मिठी मारली तर हात पुरत नाहीत. पण देवाला तिथून समुद्र दिसत नाही. आमच्याला दिसतो."

सणाच्या दिवशी गावातला एक तरुण डोळे बांधून पाण्यात बुडी मारतो आणि तळाचा हाताला लागेल तो दगड वर आणतो. तोच त्या वर्षीचा एबिसू. आईवडील दोघंही हयात असलेलाच बुडी मारू शकतो. तसा गावात आता शुगो एकटाच उरला होता. दगड होडीतून किनाऱ्याला येतो. होडी ओढायच्या लाकडी उतारावर तीन वर्षांचं एक मूल एकटं उभं असतं. नाखवा होडीतून विचारतो, "घरात कोणी आहे का?" मुलाने म्हणायचं, "आहे." मग दगड त्याच्या हातात. तीन वेळा विचारून उत्तर आलं नाही, तर दगड पाण्यात परत, आणि ते वर्ष गाव एबिसूविना. असं कधी झालेलं नव्हतं.

तीन वर्षांचं मूल मिळवणंच आता जड झालं होतं. गेल्या वर्षी ओसाकाहून कोणाचा तरी नातू विमानाने आणला. त्याने दगड पाहिला आणि असं भोकाड पसरलं की शेजारच्या गावात हसू झालं. यंदा मात्र गावचीच मुलगी होती, नागिसा. सप्टेंबरच्या बैठकीत तिचं नाव निघालं तसे म्हातारे खुर्चीत सरसावून बसले.

"यंदा हाक अशी मारतो की वाऱ्यानेही बाजूला व्हावं," किहाची काका म्हणाला.

"चाळीस वर्षं मारतोयस," तोमे आजी चहाचे पेले भरता भरता म्हणाली. "नगरपालिकेने कर्णा दिला तेव्हापासूनच तुमची ही हाक. माझा बाप हाक मारत नव्हता, वल्ह्याची मूठ ठोकायचा. बहिऱ्या देवाला ओरडून काय सांगता? फळी ठोकायला येते, आणि इथे गळे फाडता."

"आजी, तुमच्या बापाला दम्याचा त्रास होता म्हणून ठोकायचा," कोणीतरी म्हणालं आणि सगळे हसले. किहाची काका सर्वांत मोठ्याने. गावात इंजिनाजवळ आयुष्य गेलेला प्रत्येक म्हातारा अर्धा बहिराच होता, त्यामुळे हसणंही जरा मोठंच असायचं.

चिनात्सु हसली नाही. नाही म्हणायची तेव्हाच वेळ होती. पण नाही म्हटलं तर का हे सांगावं लागणार, आणि मग सगळी खोली मुलीकडे जशी बघेल ते तिला आत्ताच दिसत होतं. ती म्हणाली, "ठीक आहे."

महिनाभर तिने तयारी केली. खाऱ्या पाण्याजवळ यंत्र घालता येणार नव्हतं. म्हणून तिने लाल पंख्याची खूण शिकवली. आई पंखा वर करील, की नागिसाने म्हणायचं, "आहे." अंगणात, स्वयंपाकघरात, देवळाच्या पायऱ्यांवर दोघींनी ती दीडशे वेळा घटवली. नागिसाचा "आहे" थोडा घोळदार यायचा, "आ-ए" असा, पण यायचा.

एक गोष्ट मात्र तिला ठाऊक नव्हती. लग्न होऊन आल्यापासून सणाच्या सकाळी ती नेहमी सामुदायिक स्वयंपाकघरात तांबोशी भाजायला असायची. ओसाकाच्या नातवाबरोबर त्याची आई आलीच नव्हती. त्यामुळे मुलाच्या आईने कुठे उभं राहायचं, हे तिने कधी पाहिलं नव्हतं आणि कोणी सांगितलंही नव्हतं. गावाला वाटलं, एवढं काय सांगायचं.

वीस तारखेला सकाळी नागिसा पांढऱ्या कपड्यांत, अनवाणी, फळ्यांच्या उतारावर उभी राहिली. होडी खाडीच्या तोंडाशी होती. शुगो बुडी मारून वर आला, किहाची काकाने त्याच्या डोळ्यांवरचं फडकं सोडलं, दगड कापडात गुंडाळला. पंखा ओटीत लपवून चिनात्सु धक्क्याच्या टोकाकडे निघाली, तोच तोमे आजीने तिचा हात धरला.

"कुठे निघालीस? तू इथे, मागे. समुद्राकडे पाठ."

"पाठ?"

"आईनेच सोडला होता ना त्याला. दगड घरात येईपर्यंत आईने बघायचं नाही. मुलीकडेही नाही."

आजीने खांद्याला धरून तिला फिरवलं. आता तिच्यासमोर समुद्र नव्हता, गाव होतं. सासूसासरे, जाळीवाल्या बायका, खुर्च्या टाकून बसलेले म्हातारे, सगळ्यांचे चेहरे तिच्या डोक्यावरून मुलीकडे बघत होते.

मागून इंजिन बंद झाल्याचा आवाज आला. होडीची नाळ उताराच्या फळ्यांना टेकली.

"घरात कोणी आहे का?"

काकाच्या आवाजाने खरंच वारा बाजूला झाला असता. चेहरे वाट बघत राहिले. सासूच्या ओठांवरचं हसू तसंच होतं, फक्त जरा लांबलं.

"घरात कोणी आहे का?"

आता सासऱ्यांनी टोपी काढून हातात घेतली. एका बाईने शेजारणीकडे पाहिलं. चिनात्सुला न बघताही मुलगी दिसत होती. पाण्याकडे पाठ फिरवून, पंख्यासाठी आईला शोधत उभी असणार. आई सापडली तरी पाठमोरी.

अजून एकच हाक उरली होती. गप्प राहून वर्षभराचा देव परत पाठवायचा, की सगळ्यांसमोर खरं सांगायचं? ती समोरच्या सगळ्या चेहऱ्यांकडे बघत म्हणाली, "तिला ऐकू येत नाही. माझ्या मुलीला ऐकू येत नाही. मी लपवलं."

मग तोमे आजी तिच्या शेजारून पुढे सरकली आणि एवढ्याशा देहातून केवढा तरी आवाज काढून म्हणाली, "किहाची, तोंड मीट. वल्हं ठोक."

मागे काय झालं ते चिनात्सुने पाहिलं नाही. रीत मोडायची नाही एवढंच तिला त्या घडीला सुचलं. काकासारखा दरारा असलेला माणूस, चाळीस वर्षांची हाक तोंडात तयार, आणि बायकांसमोर ती गिळायची. मग लाकडावर लाकूड आपटलं. एकदा. पुन्हा. तिसऱ्यांदा. धक्क्यावरच्या तिच्या चपलांनासुद्धा कळलं. फळ्यांवर अनवाणी उभ्या नागिसाला तर कळलंच असणार, ती होडीकडे वळली असणार.

आणि तिच्या पाठीमागून, पाण्याच्या बाजूने, तिच्या मुलीचा आवाज आला.

"आ-ए."

समोरचे चेहरे एकदम बदलले. सासरे टोपी हवेत धरून तसेच राहिले, सासूने पदरासारखा ॲप्रन डोळ्यांना लावला, आणि खुर्चीतला एक म्हातारा शेजाऱ्याला विचारत होता, "काय म्हणाली? काय म्हणाली?" शेजारी त्याच्या कानात ओरडला, "आहे म्हणाली."

"मी ऐकलं," म्हातारा म्हणाला. "नीट ऐकलं."

तोमे आजीने चिनात्सुच्या खांद्यावर थोपटलं. "फिर आता. दगड घरात आला."

नागिसा ओल्या दगडाला दोन्ही हातांनी पोटाशी धरून उभी होती, गुडघे वाकलेले, हनुवटी वर. शुगो कमरेभर पाण्यात होता आणि मोठ्यांदा हसत होता. देवळापर्यंत मुलगी दगड कोणाला देईना. बासष्ट पायऱ्या ती बसत-उठत चढली आणि सारं गाव तिच्या चालीने, तिच्या मागे. आयुष्यात चिनात्सु कधी एवढी ताठ चालली नव्हती. नागिसाची टोपी घरीच राहिली होती, वाऱ्याने तिचे केस कानांमागे गेले होते, आणि आईने ते पुढे ओढले नाहीत.

"मला आधी सांगायचंस," तोमे आजी जेवणाच्या वेळी म्हणाली.

"तुम्हाला तर माहीत होतं."

"मला होतं. पण तुझ्या तोंडून यायला हवं होतं ना, बाई." आणि तिने चिनात्सुच्या पेल्यात रताळ्याची दारू ओतली.

बैठक आता ठरवून चुकली आहे. यापुढे दरवर्षी वल्हंच ठोकायचं, कर्णा माळ्यावर. शेजारच्या गावातले लोक विचारतात, तुमच्याकडे म्हणे बहिऱ्या मुलीने देव आणला. नाबेउरातली माणसं सांगतात, हो, आमचीच मुलगी.

फक्त किहाची काका त्या दिवसापासून धक्क्यावर आलेला नाही. त्याला आज नऊ दिवस झाले. घसा बसलाय, असं दारातूनच सांगतो. ज्याने पोरीसाठी आपली हाक सोडली, त्याच्याशी तीन शब्द बोलायचे आहेत, पण चिनात्सुला सोमवारपासून नागिसाच्या, बहिऱ्या मुलांच्या शाळेसाठी आठवडाभर शहरात राहावं लागणार आहे. म्हणून हे वाचणाऱ्याला तिची एक विनंती आहे. नाबेउराकडे जाणं झालं, तर बर्फाच्या कोठारामागे निळ्या पत्र्याचं घर आहे. रेडिओ मोठ्याने चालू असेल, दार नुसतं लोटलेलं असेल. आत डोकावा, काका जेवला का विचारा. साखरेचं काही नेऊ नका, त्याला चालत नाही. जरा वेळ बसा, आणि तो कसा दिसला ते तिला कळवा.