जाडं की बारकं

देवाने माणसाला दोन हात दिले आणि दुकानदाराने धाकटीच्या दोन्ही हातांत लोकप्रशासनाचं एकेक पुस्तक दिलं. एक उशाला घ्यावं असं जाडजूड, दुसरं सडपातळ.

"जाड्यात सगळं आहे. बारक्यात परीक्षेला येतं तेवढंच."

"मग बाकीचं छापायची हौस कुणाला होती?" दादा म्हणाला.

तिच्या या थोरल्या भावाने तिला सकाळी खोलीतून जवळजवळ ओढूनच आणलं होतं. गेल्या आठवड्यात स्पर्धा परीक्षेचा निकाल लागला. यादीत तिचं नाव नव्हतं. वयाच्या अटीत आता एकच संधी उरली होती, आणि ती घ्यायचीच हे सगळ्या घराने गृहीत धरलं होतं. पुस्तक बदललं की देव पावेल! धाकटी रडलीही नव्हती. दाढ काढताना भूल दिल्यावर ओठ आपला वाटू नये, तसं तिला स्वतःबद्दल वाटत होतं.

तिने जाडं उघडलं. निर्णयप्रक्रियेचं प्रकरण. माणूस सगळे पर्याय तपासत नाही, पुरेसा बरा सापडला की थांबतो. पुढची ओळ न बघताच ओठांवर आली. बुवांनी अर्धा चरण म्हणावा आणि श्रोत्यांनी पुरा करावा तशी. तिने बारकं उघडलं. तेही पाठच.

"अगं बाई, पुस्तक निवडायचंय, पालेभाजी नव्हे. पान न् पान काय बघतेस?"

"दोन्ही पाठ आहेत रे."

"मग तिसरं बघू. काका, तिसरं आहे का हो?"

"दादा," ती म्हणाली, किती वाजले विचारावं तशा आवाजात, "मला परत बसायचंय का?"

"बसायचंय? बसा ना!" दुकानदाराने लगबगीने स्टूल पुढे सरकवलं. ती बसली.

दादा हसला नाही. "ते तुलाच ठाऊक."

"ठाऊक असतं तर विचारलं असतं?"

तो तिच्याकडे बघत राहिला. एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच. मग दोन्ही पुस्तकं त्याने अलगद काढून घेतली आणि गल्ल्याशेजारी ठेवली.

"नाही बसत मी," ती म्हणाली. आता काहीतरी दुखेल म्हणून थांबली. काहीच दुखलं नाही.

"आईला काय सांगायचं?"

"सांगेन मी."

"नको. सांगतो मी," दादा म्हणाला. "तू नुसती शेजारी उभी राहा. आणि रडू आलंच, तर माझ्यासाठी अडवून धरू नकोस."