साडूची स्वस्तातली हार्डडिस्क

फोटोग्राफरने कोपऱ्यावरच्या दुकानातून सोळा टीबीची हार्डडिस्क घेतली आणि पक्क्या बिलाची झेरॉक्सही काढून ठेवली. त्याच्याच धंद्यातल्या साडूने तसलीच परदेशातून निम्म्या किमतीत मागवली, आणि वर फोन करून किंमत दोनदा ऐकवली. फोटोग्राफरचा नुसता जळफळाट झाला.

"बंद पडू दे, मग कळेल! तिची वॉरंटी इथे कोण विचारतो?" तो बायकोवरच खेकसला.

सहा महिन्यांनी ती खरंच बंद पडली. मनात उकळ्या फुटत असताना चेहरा पाडून तो साडूकडे गेला.

"सगळे फोटो गेले हो?"

"छे! तुमच्या एकीच्या पैशात माझ्या दोन आल्या. सगळं दुसरीत आहे. तुमची कॉपी कुठे असते?"

फोटोग्राफरकडे कॉपी होती ती फक्त बिलाची.