राणी, छक्का, चौका

आमच्या डॉक्टरांनी लीड्समध्ये तीस वर्षं लोकांना बेशुद्ध करायचं काम केलं. भूलतज्ज्ञ. रिटायर झाल्यावर पेशंट उरले नाहीत, म्हणून आता ते काम माझ्यावर चालू आहे, तेही इंजेक्शनशिवाय, नुसतं बोलून. विषय एकच: थ्री कार्ड पोकर.

"आशा, नीट ऐक," हरीश टोस्टला बटर लावता लावता सुरू करतात. "तू ऐकत नाहीयेस."

"ऐकतेय हो. आहे कुठे दुसरं काही?"

खेळ तसा सोपा. टेबलापलीकडे कॅसिनोचा डीलर, अलीकडे तुम्ही. आधी एक रक्कम लावायची, तिला म्हणायचं अँटी. मग तीन पानं तुम्हाला, तीन डीलरला. आपली पानं बरी असली तर तेवढीच रक्कम आणखी लावायची, नसली तर पानं टाकायची आणि अँटीवर पाणी सोडायचं. डीलरकडे निदान राणी तरी लागते, नाहीतर तुम्हाला फक्त अँटीपुरतंच मिळतं. आणि हरीशच्या अभ्यासाचं सार काय, तर राणी-छक्का-चौका किंवा त्याहून चांगलं आलं तर खेळायचं, त्याखाली काहीही आलं तर टाकायचं. एवढ्या एका वाक्यासाठी या माणसाने चार महिने आणि तीन पुस्तकं खर्ची घातली! मग ते वाक्य कार्डावर छापलं, लॅमिनेट केलं आणि फ्रिजवर लावलं, जिथे आधी अन्वीचा फोटो होता.

"आणि असं खेळलं की जिंकतो?" मी विचारलं.

"नाही गं. कॅसिनोचा थोडा फायदा राहतोच. अँटीच्या शंभर पौंडांमागे साधारण साडेतीन पौंड."

"म्हणजे मूर्खासारखं खेळलं की पटकन हरायचं, आणि अभ्यास करून खेळलं की सावकाश हरायचं."

"एक्झॅक्टली!" म्हणाले. बायकोला एकदाचं समजलं म्हणून काय तो आनंद!

अन्वी ही आमची नात, दीड वर्षाची. आमची मुलगी वरदा केंब्रिजला रिसर्च करते, जावई महिन्यातले पंधरा दिवस कामासाठी बाहेर. अन्वीला वाटतं, आजी म्हणजे आयपॅड. खोटं नाही सांगत. मी प्रत्यक्ष समोर गेले की ती आईच्या मागे लपते, आणि आयपॅड दिसला की त्याला पापी देते. वरदा तोंडाने कधी "या" म्हणत नाही, पण तिच्या आसपास विकायला निघालेल्या घरांच्या लिंक दर आठवड्याला मला येतात. मला जायचं होतं. हे घर विकून, तिच्याजवळ, कायमचं. त्या लिंक बघताना मला रडू यायचं.

पण आमच्या डॉक्टरांनी रिटायरमेंट पार्टीत, मराठी मंडळाच्या दीडशे लोकांसमोर, माइक हातात घेऊन जाहीर केलं होतं, "मी लीड्स सोडणार नाही. इथून मला आता चौघंच उचलून नेतील!" टाळ्या पडल्या. झालं! घरात बोललेलं माणूस संध्याकाळपर्यंत फिरवू शकतो, पण हॉलमध्ये माइकवरून बोललेलं कसं फिरवणार? मंडळी काय म्हणतील?

शेवटी एका सकाळी माझं डोकं फिरलं. "एवढं गणित येतंय ना, मग खेळून दाखवा," मी म्हटलं. "दहा बुधवार. दहाव्या बुधवारी चार वाजता एका पौंडाने जरी पुढे असलात, तर मी जन्मात केंब्रिजचं नाव काढणार नाही. मागे असलात, तर घर विकायचं."

"डन," म्हणाले, आणि बटरच्या हाताने माझ्याशी शेकहँड केला. मी मनात खूश. त्यांच्याच गणिताने ते हरणार होते. मी कौन्सिलच्या ऑफिसात नोकरी केली असेन, पण एवढं मलाही कळतं.

पहिल्या बुधवारी दुपारी दोनला आम्ही कॅसिनोत. मला वाटलं होतं झगमगाट असेल. बघते तर फुकटच्या चहासाठी आलेले पाच-सहा पेन्शनर आणि डोळ्यांना त्रास देणारं कार्पेट. आमच्या टेबलावरच्या डीलरच्या बिल्ल्यावर नाव होतं नीना. पंचविशीची, हसतमुख. हरीशनी खिशातून लॅमिनेटेड कार्ड काढून टेबलावर ठेवलं, ऑपरेशनच्या आधी चेकलिस्ट ठेवतात तसं. पाच पौंडांची अँटी लावली. पानं बघितली आणि टाकली. तिथला नियम असा की टाकलेली पानं डीलर उलटी करून मोजते आणि मगच ठेवते. नीनाने उलटली: राणी, छक्का, तिर्री. एका ठिपक्याने हुकलं. मग शेजारच्या आजोबांसाठी तिने स्वतःची पानं उघडली, तर तिच्याकडे नुसता गुलाम.

"अहो, खेळला असतात तर जिंकला असतात!"

"लाँग रन, आशा. लाँग रन बघायचा असतो."

आता यांना हाच खेळ का आवडतो, तेही सांगते. मंडळाच्या दिवाळीत फराळ झाला की आम्ही तीन पत्ती खेळतो, पेनी लावून. तिथे मी राज्य करते. हातात काहीही नसताना समोरच्याला घाम फोडायचा, आणि कोणी फार उड्या मारायला लागला की शो मागायचा, म्हणजे पानं उघडायला लावायची. हरीशना यातलं काही जमत नाही. चांगली पानं आली की यांचे कान लाल होतात. अख्ख्या लीड्सला माहीत आहे. कान लाल झाले रे झाले की सगळे पटापट पानं टाकतात आणि यांना मिळतात चार पेनी. इथे तसं नाही.

"डीलर कुणाचे कान बघत नाही," ते मला अभिमानाने म्हणाले. "इथे ब्लफ चालतच नाही. ती फक्त नियम पाळते."

तिसऱ्या बुधवारी मलाही राहवलं नाही. माझे स्वतःचे पाच पौंड लावले आणि काय सांगू, एक्का-दुर्री-तिर्री! आमच्या तीन पत्तीत याच्यावर फार थोडं काही असतं. मी म्हटलं, वीस लावते. नीना म्हणाली, "फक्त अँटीएवढेच, लव्ह." बरं, पाच. तिने उघडली: दुर्री, तिर्री, चौका. मी हात पुढे केला, तर तिने माझ्याच चिप्स उचलल्या! म्हणे इथे एक्का-दुर्री-तिर्री ही सगळ्यात लहान सीक्वेन्स. वर बोनस म्हणून पाच पौंड माझ्यासमोर सरकवले, रडणाऱ्या पोराला गोळी देतात तसे.

"मला विचारायचं तरी," हरीश म्हणाले. पुढचे दोन दिवस आमच्या घरात बोलणं नव्हतं.

आणि दैव बघा. हा माणूस हरेचना. चार आठवडे थोडा मागे, मग बरोबरीत, आठव्या बुधवारी चक्क साठ पौंड पुढे. मी चहाचा कप इतक्या जोरात आपटला की शेजारचे आजोबा दचकले. लाँग रन कुठे मेला होता कोण जाणे.

नवव्या बुधवारी जरा उतार लागला, पण पुढेच होते. त्या रविवारी वरदाचा व्हिडिओ कॉल आला. अन्वी बागेत पडली होती, गुडघा खरचटला होता. ती रडत रडत आली आणि गुडघा आयपॅडला दाखवायला लागली. "आबा, बाऊ." हरीशनी फुंकर घातली. स्क्रीनवर! मग एकदम उठले, गॅरेजमध्ये बल्ब शोधायचाय म्हणाले, आणि अर्धा तास आले नाहीत. बल्बही आणला नाही. मी भाजी चिरत होते, लक्ष दिलं नाही.

दहावा बुधवार. चारला पाच मिनिटं कमी असताना हिशेब असा होता: दहा आठवडे खेळून आमचे डॉक्टर पाच पौंड पुढे. पाच पौंड! पार्किंगचेसुद्धा निघत नाहीत. पण बोलल्याप्रमाणे ते जिंकले होते. मी कोट चढवला आणि म्हटलं, "चला. जिंकलात. राहा लीड्समध्ये."

"अजून पाच मिनिटं आहेत," म्हणाले, आणि दहा पौंडांची अँटी ठेवली.

पुढे असताना मुकाट्याने उठायचं नाही, हे कुठल्या पुस्तकात लिहिलं होतं कोण जाणे! हावरटपणा, दुसरं काय. पण मला आशा वाटली. देवा, म्हटलं, घाण पानं दे यांना.

नीनाने वाटली. हरीशनी पानं उचलली, बघितली, आणि त्यांचे कान लाल झाले. लालेलाल. संपलं केंब्रिज.

"फोल्ड," हरीश म्हणाले. पानं पालथी टाकून दिली आणि खुर्चीमागचा कोट घ्यायला वळले.

नीनाने नियमाप्रमाणे पानं उलटली. राजा, राजा, नव्वी. तिचा हात तिथेच थांबला. दहा आठवडे ती या माणसाला राणी-छक्का-चौक्याचं कार्ड समोर ठेवून खेळताना बघत होती. तिने त्यांच्या पाठीकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि "सर" म्हणायला तोंड उघडलं. मी मान हलवली. तिने पानं गोळा केली.

गाडीत बसल्यावर हरीश सीटबेल्टशी खटपट करत म्हणाले, "नशीबच फुटकं बघ. साधी क्वीनसुद्धा नव्हती गं."

"असं का."

"आता काय, शब्द म्हणजे शब्द. मंडळात सांगून टाकू, बायकोशी पैज हरलो, घर विकावं लागतंय. माझा नाइलाज आहे." दोनदा म्हणून बघितलं त्यांनी ते वाक्य. पाठ करत होते. "वरदाला तूच फोन कर. पाच पौंडांनी हरलो म्हणावं."

कान अजून लाल होते. इतकी वर्षं दिवाळीत या माणसाची पानं मी हक्काने उघडायला लावली आहेत, एकदाही सोडलं नाही. मी पर्समधून फोन काढला आणि वरदाचा नंबर लावला. शो मागितला नाही.