कूलरपुढचं टेबल

मित्रांनो, मी एक जुना कूलर आहे, आणि आधीच सांगून टाकतो, माझा स्वभाव जळका आहे. पत्र्याची पेटी, आत पाणी, एक पंखा आणि तीन बाजूंना वाळ्याच्या ताट्या, एवढाच माझा संसार. पण समोर मालकांच्या केबिनमध्ये हल्ली जो नवा एसी बसलाय, त्याच्याकडे पाहिलं की माझ्या पोटात दुखतं. त्याला ना पाणी भरावं लागतं, ना ताट्या बदलाव्या लागतात. दार लावून घेतात आणि सगळा गारवा एकटे मालक खातात. आमच्या काळी असं नव्हतं, असं मी मोठ्या तोऱ्यात म्हणणार होतो. पण आमच्या काळीही एका उन्हाळ्यात असंच झालं होतं, आणि तेव्हा भांडणाचं कारण मीच होतो.

नागपुरात इतवारीत नत्थूजी नावाच्या कारागिराने मला ठोकून-जोडून उभं केलं आणि हिरवा रंग दिला. माझ्याबरोबर बनलेला दुसरा कूलर एका लग्नघरी गेला, त्याला हळदीकुंकू लागलं. मला नाही लागलं. माझा जळकेपणा तेव्हापासूनचा आहे.

मी आलो तो रामदासपेठेजवळच्या एका मोटारींच्या दुकानात. पुढे नव्या गाड्या विकायच्या, मागे वर्कशॉप. तिथे दोन सर्व्हिस ॲडव्हायझर होते, मार्तंड आणि मधुसूदन. गाडी घेऊन आलेल्या माणसाचं म्हणणं ऐकायचं, गाडीला काय दुखतंय ते ओळखायचं, काय काम करायचं ते ठरवून खर्च सांगायचा आणि संध्याकाळी गाडी त्याच्या हवाली करायची, हे त्यांचं काम. मार्तंड सावनेरचा, वयाने मोठा. मधुसूदन नागपूरच्याच महाल भागातला, बोलण्यात चटपटीत. दोघांचा डबा एकत्र उघडायचा. मी मधल्या खिडकीत होतो, माझा वारा गिऱ्हाइकांच्या बाकावर जायचा आणि दोन्ही टेबलांना थोडा थोडा मिळायचा. रोज सकाळी माझ्यात पाणी मार्तंड भरायचा. शिपायाला सांगून भागलं असतं, पण तो स्वतः बादली उचलायचा, ताट्यांवर हात फिरवून बघायचा. त्यामुळे तो माझा माणूस, असं मी मनात धरून चाललो होतो.

सत्त्याहत्तर सालची होळी झाली आणि मालक गोपाळराव एका विचाराने पछाडले. दोघांना पगार सारखाच, मग जास्त काम आणण्यासाठी कोणी जिवाचं रान का करावं? कमिशन द्यावं तर खिशात हात घालावा लागतो, आणि तो गोपाळरावांचा नावडता व्यायाम. पंधरा दिवस डोकं खाजवून एका सकाळी ते माझ्यासमोर येऊन थांबले. हाताने माझा वारा घेतला. मग दोघांना बोलावलं.

"पगाराले मी हात लावून नाही राहिलो," ते म्हणाले. "पण महिन्यात ज्याच्या हातून जास्त रुपयाचं काम होईल, त्याचं टेबल पुढचा महिना कूलरपुढं. दुसऱ्याचं तिकडं, भिंतीपाशी."

"अन् गिऱ्हाइकाचा बाक?" मार्तंडने विचारलं.

"सरकवू ना थोडा. गिऱ्हाईक काय, घटकाभर बसते अन् जाते."

मित्रांनो, मला तर आकाश ठेंगणं झालं. पेटीतला पंखा मी, आणि एकदम कोणाचा तरी पगार झालो. त्या लग्नघरच्या कूलरला हे कळायला हवं होतं, असं मला फार वाटलं.

मार्चचे उरलेले दिवसच पहिल्यांदा मोजले, आणि ते मधुसूदनने मारले. गाडी ब्रेकसाठी आली तरी तो पॉलिश सुचवायचा, दिव्यासाठी आली तरी बॅटरी सुचवायचा. गिऱ्हाइकं कुरकुरत, घासाघीस करत, निम्मं कबूल करत. त्याला तेवढं पुरे होतं. एप्रिलच्या पहिल्या तारखेला त्याचं टेबल माझ्यापुढे आलं आणि मार्तंडचं टेबल भिंतीपाशी गेलं. त्या भिंतीमागे पत्र्याची शेड होती, दुपारी ती भिंत तव्यासारखी तापायची. मी मधुसूदनवर वारा घालत होतो आणि आतून जळत होतो. माझा माणूस तिकडे घामाने निथळतोय आणि गारवा खातोय कोण, तर हा, ज्याने मला कधी तांब्याभर पाणी घातलं नाही.

मार्तंडच्या जळण्यापुढे माझं जळणं काहीच नव्हतं. त्याचा डबा वेगळा उघडायला लागला. मधुसूदनपुढे गिऱ्हाईक बसलं की मार्तंडचं पेन थांबायचं. मधुसूदन हसला की याला वाटायचं, आपल्यालाच हसतोय. आणि एका सकाळी त्याने बादली उचललीच नाही.

"मार्तंडभाऊ, पाणी नाही भरलं काहून?" मधुसूदनने सरळ मनाने विचारलं.

"ज्याले हवा खायची हाय, त्यानं भरावं," मार्तंड म्हणाला.

मधुसूदनने शिपायाला सांगितलं, शिपाई विसरला, आणि दिवसभर मी गरम फुफाटा फेकत राहिलो. बाकावरची माणसं रुमालाने वारा घेत बसली होती. त्यांच्याकडे कोणाचंच लक्ष नव्हतं.

एप्रिल संपत आला. मार्तंड थोडक्यात मागे होता, आणि शेवटच्या दिवशी शोभाताई आल्या. रामदासपेठेत त्यांचा दवाखाना होता. त्यांची काळी गाडी जुनी होती आणि कित्येक वर्षं ती फक्त मार्तंडच बघायचा, कारण काम काय करायचं यापेक्षा काय करायचं नाही, हे तो आधी सांगायचा. 'ताई, हे दिवाळीपर्यंत चालते, राहू द्या,' असं त्याच्या तोंडून मीच किती वेळा ऐकलं होतं.

"मार्तंडराव, क्लच दाबायला जड जातोय," त्या म्हणाल्या.

त्याने गाडी फिरवून आणली. पेडलच्या सांध्याला ग्रीस हवं होतं, बस्स. हे त्याला कळलं होतं. परत येताना तो ज्या नजरेने मधुसूदनच्या टेबलाकडे बघत होता, ती नजर मी चांगली ओळखतो, ती माझीच होती.

"क्लच प्लेट बदलावी लागते, ताई," तो म्हणाला.

"तुम्ही म्हणता तर बदला," शोभाताई म्हणाल्या. किती, का, कशाला, काही नाही. पर्स उचलून त्या रिक्षाने दवाखान्यात गेल्यासुद्धा.

मे महिन्यात मार्तंडचं टेबल माझ्यापुढे आलं. मला वाटलं, आता हा माझ्याकडे बघून हसेल, ताट्यांवर हात फिरवेल. कुठलं काय! तो माझ्याकडे पाठ करून बसला आणि दिवसभर भिंतीकडे बघत राहिला, मधुसूदनपुढे कोण बसलंय, किती वेळ बसलंय. माझा वारा त्याच्या मानेवर लागत होता, पण त्याला तो कळत नव्हता. त्याला मी नकोच होतो, मित्रांनो. मी मधुसूदनला मिळू नये, एवढंच हवं होतं. हे मला जितकं लागलं, तितकं आज तो एसीही लागत नाही.

नवतपा, म्हणजे मे अखेरचे ते नऊ आगीचे दिवस, सुरू झाला आणि एका दुपारी शोभाताई परत आल्या. आमच्याकडे बदललेला जुना भाग कागदात गुंडाळून गिऱ्हाइकाला परत देतात. ते पुडकं त्यांनी मार्तंडच्या टेबलावर ठेवलं.

"मौद्याला माझ्या भावाचं ट्रॅक्टर दुरुस्तीचं दुकान आहे," त्या म्हणाल्या. "त्याने ही प्लेट पाहिली. म्हणाला, आणखी दोन वर्षं आरामात चालली असती."

मार्तंडने पुडकं उघडलं नाही. "चुकलं, ताई," एवढंच तो म्हणाला.

शोभाताईंनी आवाज चढवला नाही. त्या वळल्या आणि भिंतीपाशी मधुसूदनपुढे जाऊन बसल्या. घाम पुसत म्हणाल्या, "माझी गाडी आता तुम्ही बघा."

मार्तंड उठला. त्याचा चेहरा उतरला होता. "ताई, त्याच्याकडं काहून? तो तर दर खेपेले जास्तीचंच सांगते."

मधुसूदनने मान खाली घातली. शोभाताई म्हणाल्या, "माहीत आहे मला. म्हणून त्यांना मी चार प्रश्न विचारीन, घासाघीस करीन. तुम्हाला मी काहीच विचारत नव्हते, मार्तंडराव."

गोपाळराव केबिनच्या दारात उभे होते. पुढच्या महिन्यात टेबल सरकवायचं त्यांनी नाव काढलं नाही. मार्तंडने स्वतःच आपलं टेबल ओढत बाजूला नेलं आणि मधुसूदनने दुसऱ्या टोकाला हात लावला. गिऱ्हाइकांचा बाक पुन्हा माझ्यापुढे आला.

मित्रांनो, माझ्यासारखे म्हातारे शेवटी सांगतात, वस्तू जपा, वेळेवर पाणी घाला. ते घालाच. पण तुम्हाला काही न विचारता 'तुम्ही म्हणता तर करा' म्हणणारं एखादं माणूस तुमच्या वाट्याला आलं, तर आधी त्याला जपा. शोभाताई पुढे पुष्कळ वर्षं येत राहिल्या. मधुसूदन नसला की मार्तंडकडेही बसायच्या, हसून बोलायच्या. तो म्हणायचा, "ताई, तेल बदलावं लागते." आणि त्या विचारायच्या, "का?"