उघडं बांधलेलं फाटक

मित्रांनो, मी नीट लावलेलं असलं की कुणाच्या ध्यानातही राहत नाही, आणि त्यातच माझं समाधान आहे. मी दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या कुत्र्यांच्या कुंपणातलं एक जुनं लोखंडी फाटक आहे. माझ्या एका अंगाला मेंढ्यांचं रान आहे. दुसऱ्या अंगाला लाल वाळूच्या टेकड्या आणि डिंगो, म्हणजे इथली रानकुत्री.

बावन्न वर्षांपूर्वी बोअरच्या जुन्या पाइपांपासून मला जोडलं. कुंपणाची राखण करणाऱ्या एल्व्हाच्या वडिलांनी मला इथे बसवलं आणि कुत्र्यांनी खालून उकरू नये म्हणून जमिनीत हातभर जाळी पुरली. त्यांच्यामागे हा नव्वद किलोमीटरचा पट्टा एल्व्हाकडे आला. आठवड्यातून एकदा ती गाडी घेऊन येते, भोकं बुजवते, वाळू उपसते. तिच्या आजोळची माणसं इथली मूळची, ती डिंगोला नात्यातलं मानतात. तरी जन्मभर तिने डिंगोंना अडवलं. कुणी हटकलं तर म्हणते, "मी त्यांना त्यांच्या घरी राहू देते. तुम्ही तुमच्या घरी राहा."

एकदा जिल्ह्याच्या साहेबांनी माझ्यासोबत फोटो काढून घेतला. पण वरची बिजागरी झिजली तेव्हा एल्व्हाच्या तीन अर्जांना उत्तर आलं नाही. मी एका बाजूला कललं. मला लावताना तिला खांदा द्यावा लागे. "उठ गं म्हातारे," ती म्हणे. स्वतः साठीला आलेली.

मग गेल्या मार्चमध्ये शहरातून पेंडर नावाचे गृहस्थ आले. रानकुत्र्यांचं मांस परदेशी पाठवायचा त्यांच्या कंपनीचा बेत होता. माझ्याशेजारी मांस ठेवायची शीतपेटी बसवायची होती. त्याला मेंढपाळांच्या समितीची संमती हवी होती आणि त्याआधी नमुन्याला तीस कुत्री. समितीचा प्रमुख नॉर्म टकवेल याला बेत पसंत होता. दरवर्षी त्याच्या मेंढ्या फाडल्या जात.

"मारतोच आहोत, तर विकायला काय हरकत?" तो म्हणाला.

"आज मारतोस ते कमी व्हावीत म्हणून," एल्व्हा म्हणाली. "उद्या विकायला लागलास की तुला ती जास्त लागतील."

"मावशी, तू प्रत्येक गोष्टीत खोट काढतेस."

"कुंपणावर दुसरं काय करतात, नॉर्म?"

तीस कुत्री आणायचं काम क्लॅरी व्हॉसकडे गेलं. क्लॅरी हा इथला कुत्रे पकडणारा. चाळीस वर्षं सापळे लावले, विषाची आमिषं टाकली. माणूस वाईट नाही. पण त्याचा गुडघा गेला होता आणि वाळूच्या टेकड्या आता त्याच्याने चढवत नव्हत्या.

एका सोमवारी सकाळी तो एकटाच आला. त्याने मला सताड उघडलं आणि तारेने खांबाला बांधलं. तीन पीळ दिले आणि टोक आत वळवलं. पलीकडे त्याला चालवत नव्हतं, म्हणून त्याने कुत्र्यांनाच अलीकडे, रस्त्याजवळच्या आपल्या सापळ्यांकडे, बोलावलं.

आमच्याकडे रीत अशी की फाटक जसं दिसेल तसं सोडून पुढे जायचं. कुत्र्यांच्या कुंपणाला ती लागू नाही. इथे फाटक लावायचंच. पण मी इतकं नीटनेटकं बांधलेलं होतं, की कुंपणवाल्यांनीच कळप न्यायला बांधलं असेल असं प्रत्येकाला वाटलं. टपालाची गाडी आली, चालकाने तार पाहिली आणि तो निघून गेला. बोअर दुरुस्त करणारा आला, तोही गेला. दोन प्रवासी तर खाली उतरून मला धक्का न लावता काळजीपूर्वक वळून गेले. चार दिवस सगळे मला असं सांभाळत होते. मित्रांनो, ओरडता येत नाही याचं मला एवढं दुःख कधी झालं नव्हतं.

नऊ कुत्री आत गेली. त्यांत एक पिवळी मादी होती. ती रोज सकाळी माझ्या खालच्या दांड्याला नाक लावून पलीकडे परत जायची. तिची पिल्लं पलीकडच्या टेकडीत होती.

गुरुवारी एल्व्हा आली. तिने वाळूतले पंजांचे ठसे पाहिले, तार सोडली आणि खिशात घातली. मग खांदा देऊन मला लावलं. या वेळी 'म्हातारे' म्हणाली नाही.

शनिवारी शीतपेटीची जागा ठरवायला समिती माझ्यापाशी जमली. नॉर्म उशिरा आला. त्या चार दिवसांत कुत्र्यांनी त्याच्या एकतीस मेंढ्या फाडल्या होत्या. एल्व्हाने तार क्लॅरीच्या हातात दिली.

"ही कुणाची?"

"तार आहे. कुणाचीही असेल."

"टोक आत वळवलंय. तारेला अडकून सदरा फाटल्यापासून असं तू एकटाच वळवतोस. मीच शिवून दिला होता तो."

क्लॅरीने तारेचं टोक अंगठ्याने चाचपलं. "दोनच दिवस ठेवणार होतो," तो म्हणाला. "गुडघ्यामुळे येणं झालं नाही. नॉर्म, तुझ्याकडे वळतील असं वाटलं नव्हतं."

"मग कुठे वळणार होती? चर्चमध्ये?" नॉर्म म्हणाला.

पेंडरांनी घसा साफ केला. "हा एका माणसाचा प्रमाद झाला. नमुन्याचा माल मात्र स्वच्छ आहे ना?"

"सहा मिळाली," क्लॅरी म्हणाला. "चार सापळ्यात, दोन पडलेली सापडली. त्यांनी माझं विष खाल्लं होतं की नाही, हे मला नाही सांगता येणार. बघून कळत नाही ते."

"आधी का नाही सांगितलंत?"

"तुम्ही वजन तेवढं विचारलंत."

नॉर्मने टोपी काढून पुन्हा घातली. "आज गुडघा दुखला म्हणून फाटक उघडलं," तो म्हणाला. "उद्या पेटी रिकामी आहे म्हणून उघडतील. ते काम मीही करेन कदाचित. नको. पेटी परत न्या."

समितीतले बाकीचे तिघेही नको म्हणाले. पेंडरांची गाडी दिसेनाशी झाली, आणि मला पहिल्यांदा माझं वजन हलकं वाटलं.

पुढच्या मंगळवारी पिवळी परत आली, पण मेंढ्यांच्या बाजूने. मी बंद होतं. ती माझ्या दांड्याला नाक लावून उभी राहिली. तेवढ्यात एल्व्हा आणि नॉर्म गाडीतून आले. पिवळी झुडपात शिरली. नॉर्मचा हात बंदुकीकडे गेला.

"दूध उतरलंय तिला," एल्व्हा म्हणाली. "बाहेर जातेय ती, आत नाही. जाऊ दे."

"एकतीस मेंढ्या, मावशी."

"माहीत आहे."

नॉर्मने हात मागे घेतला. मग म्हणाला, "लवकर काय ते कर."

एल्व्हाने मला उघडलं आणि गाडी मागे नेऊन दोघं बसून राहिले. बऱ्याच वेळाने पिवळी झुडपातून निघाली, माझ्याजवळ क्षणभर थांबली आणि टेकडीकडे पळत सुटली. नॉर्म खाली उतरला. त्याने स्वतः खांदा दिला.

"ही बिजागरी कधीची अशी आहे?"

"तीन अर्जांपासून."

दोन दिवसांनी तो नवी बिजागरी घेऊन आला. आता मी एका बोटाने लागतं.

मित्रांनो, फाटक दिसेल तसं सोडण्याची रीत चांगली आहे. पण कधी एखादं फाटक फार नीटनेटकं उघडं बांधलेलं दिसलं, तर क्षणभर थांबा. हे कुणी बांधलं आणि कशासाठी, एवढं कुणाला तरी विचारा. आणि माझ्याकडे आलात तर विचारूही नका. मला लावून घ्या.